प्रेमकादंबऱ्या वाचताना आणि सुचवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयात देवघेवीच्या टेबलावर मी अठरा वर्षं बसते आहे. “काहीतरी छान द्या ना, लव्ह स्टोरी” एवढं एकच वाक्य घेऊन आमच्याकडे शाळकरी मुलीपासून सत्तरीच्या आजींपर्यंत सगळे येतात. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि मी देत आले ती उत्तरं इथे लिहिली आहेत.

प्रेमकादंबरी नक्की कशाला म्हणायचं?

मी एक साधी कसोटी लावते. गोष्टीतलं प्रेम मनातल्या मनात काढून टाकायचं. तरीही कादंबरी उभी राहिली, तर तिच्यात प्रेम आहे एवढंच. ती कोसळली, तर ती प्रेमकादंबरी. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’तले माधवराव आणि रमाबाई वाचताना डोळे भरून येतात, पण पानिपतानंतरची पेशवाई, राघोबादादांशी चाललेला झगडा, निजाम, हैदर हे सगळं रमाबाईंशिवायही जागच्या जागी राहतं. याउलट गो. नी. दांडेकरांच्या ‘शितू’तून शितू आणि विसूची एकमेकांवरची माया काढली, तर खाडीचं पाणी आणि माड तेवढे उरतील.

कोणी “कादंबऱ्यांत प्रेमाशिवाय असतं काय?” असं तुच्छतेनं म्हणालं, की मी त्यांना ‘कादंबरी’ हा शब्द कुठून आला ते सांगते. ते मुळात एका प्रेमिकेचं नाव आहे. बाणभट्टाने सातव्या शतकात संस्कृतात लिहिलेल्या कथेची ती नायिका. चंद्रापीड आणि कादंबरी, पुंडरीक आणि महाश्वेता अशा दोन जोड्या मरण आणि पुनर्जन्म ओलांडून एकमेकांना भेटतात. बाणाच्या हातून ती कथा पुरी झाली नाही, त्याच्या मुलाने ती पूर्ण केली. या साहित्यप्रकाराला नाव देताना मराठीने एका प्रेमकथेचंच नाव उचललं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शेवट गोड असलाच पाहिजे का?

इंग्रजीत रोमान्स म्हणून जो प्रकार विकला जातो, त्यात हा अलिखित करारच असतो. दोघं कितीही भांडोत, दुरावोत, शेवटच्या पानावर ती एकत्र असणार आणि वाचणारीचं मन हलकं होणार. मराठीत असा करार कधी झालाच नाही. आपल्याकडे प्रेमाची कादंबरी म्हणून जे हातात पडतं त्यात विरह असतो, त्याग असतो, नदीत किंवा खाडीत संपणारं आयुष्य असतं. रडवलं नाही तर प्रेम खरं नाही, अशी जणू आपली समजूत आहे.

दोन्ही प्रकार मला प्रिय आहेत. पण कोणता कोणाच्या हातात द्यायचा यात मी एकदा मोठी चूक केली आहे. एक बाई बऱ्याच महिन्यांनी वाचनालयात आल्या. “हलकंसं, प्रेमाचं काहीतरी द्या, गावाकडचं चालेल,” म्हणाल्या. मी उत्साहानं ‘शितू’ काढून दिली. माझी अतिशय आवडती कादंबरी आहे ती, कोकण तर असं उतरलंय की पानाला मिठाचा वास यावा. मधल्या काळात त्यांची तरुण भाची गेली होती, हे मला नंतर कळलं. चौथ्या दिवशी त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवलं, एक शब्दही न बोलता कार्ड उचललं आणि गेल्या. पुढे कितीतरी आठवडे त्या आल्या नाहीत.

तेव्हापासून कोणतंही पुस्तक हातात देण्याआधी मी विचारते, “शेवट कसा चालेल?” लोक आधी चमकतात. मग बहुतेकांना उत्तर लगेच सुचतं.

पण शेवट आधीच सांगितला तर वाचण्यात मजा काय राहिली?

शेवट गोड की कडू एवढंच सांगायचं. तिथवर वाट कशी जाते ते सांगायचं नाही. रहस्यकथेत खुनी कोण ते सांगणं हा गुन्हा आहे, कारण तिथे तोच प्रश्न असतो. प्रेमकादंबरीत प्रश्न वेगळा असतो: ही दोघं एकमेकांपर्यंत पोचणार कशी?

जॅनिस रॅडवे या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एका गावातल्या रोमान्स वाचणाऱ्या गृहिणींशी बोलून १९८४ साली एक पुस्तक लिहिलं. त्या वाचकांमध्ये विकत घेण्याआधी शेवटची पानं चाळून बघणाऱ्या बायका होत्या. दुःखी शेवट त्यांना नकोच असे. त्या सगळ्यांचा भरवसा गावातल्या पुस्तकांच्या दुकानातल्या एका बाईंवर होता, कोणतं पुस्तक घ्यायचं आणि कोणतं टाळायचं हे त्या सांगायच्या. ते वाचताना मला आमचं टेबल आठवत राहिलं. घरातल्या सगळ्यांचं झाल्यावर मिळालेला एक तास कोणाला फुकट घालवायचा नसतो. शेवट विचारण्यात त्यामुळे काहीही कमीपणा नाही.

मराठीत सुरुवात कुठून करू?

तुम्ही कोण आहात यावर ते ठरेल, म्हणून सरसकट यादी मी कोणाला देत नाही. माझ्या हाताशी कायम असणारी पुस्तकं मात्र सांगते.

मराठी प्रेमकादंबरीला घाट दिला तो ना. सी. फडक्यांनी. ‘दौलत’, ‘जादूगार’ यांनी एका पिढीला वेड लावलं होतं. गोष्ट कशी रचावी, वाचकाची उत्कंठा कुठे ताणावी, कुठे सोडावी, याचा त्यांनी शास्त्रासारखा विचार केला आणि १९३१ साली ‘प्रतिभासाधन’ लिहून तो मांडलाही. आज वाचताना त्यांचे नायक-नायिका जरा घडीच्या कपड्यांसारखे वाटतात, त्यांच्या घरात पैशाची ददात क्वचितच दिसते. पण वाक्यं कशी वाहतात बघा! मोठ्यानं वाचून दाखवायला त्यांच्यासारखं गद्य नाही. आजीला वाचून दाखवायचं असेल तर फडके घ्या.

फडक्यांचं नाव आलं की खांडेकरांचं येतंच. कलेसाठी कला की जीवनासाठी कला हा वाद या दोघांच्या नावानं रंगला आणि साहित्य संमेलनाचे अध्यक्षही ते एकापाठोपाठ झाले, फडके १९४० मध्ये रत्नागिरीला आणि खांडेकर १९४१ मध्ये सोलापूरला. ‘ययाति’ बरेच जण प्रेमकथा म्हणून मागतात. ती मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या लेखकाची कादंबरी आहे आणि वाचायलाच हवी, पण ती वासनेची आणि अतृप्तीची गोष्ट आहे. नव्यानं लग्न ठरलेल्या मुलीला भेट म्हणून ती देऊ नका. असे लोक मी पाहिले आहेत.

गावच्या डोळ्यांत डोळे घालून केलेलं प्रेम वाचायचं असेल तर श्री. ना. पेंडशांचा ‘गारंबीचा बापू’. १९५२ सालची ही कादंबरी अजूनही जुनी वाटत नाही. बापू उनाड, तापट, गावाच्या डोळ्यांत खुपणारा. आणि राधा त्याच्याहून तसूभरही कमी नाही. लाजून पदराचा शेव चावणाऱ्या नायिकांचा कंटाळा आलेल्यांना मी राधा देते.

लग्नानंतरचं प्रेम हवं असेल तर वपुंचं ‘पार्टनर’. मुंबईतली अपुरी जागा, आई, बायको आणि या सगळ्यात मधोमध अडकलेला माणूस. नवरा-बायकोला दोन मिनिटं एकांत मिळत नाही ही केवढी मोठी गोष्ट असू शकते, ते एका खोलीत संसार केलेल्या वाचकांना विचारा.

आणि गौरी देशपांडे. त्यांच्याबद्दल बोलायला लागले की मी थांबत नाही, तरी आवरतं घेते. ‘एकेक पान गळावया’मध्ये तीन दीर्घकथा आहेत, त्यातली ‘कारावासातून पत्रे’ आधी वाचा. मग ‘तेरुओ आणि कांही दूरपर्यंत’. त्यांच्या बायका प्रेम करतात ते पूर्ण शुद्धीवर राहून. नवऱ्यावरही करतात, त्याच्याखेरीज दुसऱ्यावरही करतात, आणि स्वतःला खोटं सांगत नाहीत. तिशीच्या आत वाचलं तर हे धाडस वाटतं. चाळिशीनंतर वाचलं तर ओळखीचं वाटतं. शेवट गोड की कडू हा माझा नेहमीचा प्रश्न मात्र इथे चालत नाही. त्यांच्या कथा संपतात तिथे जगणं चालूच असतं.

कॉलेजातल्या मुलांना सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’. ती जितकी प्रेमाची तितकीच मैत्रीची आहे. २०१३ सालच्या सिनेमानंतर आमच्या प्रतीची बाइंडिंग दोनदा करावी लागली. सिनेमा बघितला असेल तरी कादंबरी वाचा, ती वेगळी आहे आणि जास्त खोल आहे.

“ही बायकांची पुस्तकं” म्हणून लोक नाक मुरडतात. त्यांना काय सांगू?

त्यांना कपाटाजवळ न्या. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, शकुंतला गोगटे, स्नेहलता दसनूरकर, ज्योत्स्ना देवधर, सुमती क्षेत्रमाडे यांच्या जुन्या प्रती काढा आणि मागचं तारखांचं पान उघडा. एकाखाली एक शिक्के, पान भरलं म्हणून वर चिकटवलेलं दुसरं पान, त्यावर तिसरं. कोपरे मऊ पडलेले, कुठेतरी हळदीचं बोट उमटलेलं. मोठमोठ्या समीक्षाग्रंथांचे आमच्याकडचे खंड अजून कडक करकरीत आहेत, ही बाजूही त्यांना दाखवा.

या लेखिकांना वाङ्मयेतिहासात जेमतेम चार ओळी मिळतात. त्यांचं सगळंच थोर आहे असं मी म्हणणार नाही, साच्यातलं पुष्कळ आहे. पण ज्या काळात मुलीनं कोणाशी लग्न करायचं हे बैठकीतले चारजण ठरवत, त्या काळात “तिला काय हवं आहे?” हा प्रश्न यांनी घराघरात नेला. त्याही आधी, १९३४ साली, विभावरी शिरूरकर या टोपणनावानं मालती बेडेकरांनी ‘हिंदोळ्यावर’ लिहिली होती. नवऱ्यानं टाकलेली बाई दुसऱ्या पुरुषावर प्रेम करते आणि त्याची लाज बाळगत नाही, हे तेव्हा छापून आलं होतं. खरं नाव लपवावं लागलं यातच सगळं आलं.

एक व्यवहाराची सूचना. ‘महाश्वेता’ मागायला कोणी आलं तर आधी कोणती ते विचारा. ज्या कादंबरीवरून दूरदर्शनवर मालिका आली होती ती सुमती क्षेत्रमाड्यांची. अंगावर कोड उठल्यावर नवऱ्यानं दूर केलेल्या अनुपमाची ती सुधा मूर्तींची. माझ्या हातून यांची दोनदा अदलाबदल झाली आहे.

यात अश्लील काही नाही ना?

हा प्रश्न आवाज खाली आणून विचारला जातो, म्हणून मी उत्तर नेहमीच्याच आवाजात देते. शृंगार असणं आणि अश्लील असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे आपल्या सर्वोच्च न्यायालयानं एका मराठी कथेच्याच निमित्तानं सांगितलेलं आहे.

चंद्रकांत काकोडकर हे एके काळी वाचनालयांत तुफान मागणी असलेले लेखक. त्यांच्या ‘नीलांबरी’वरून ‘दो रास्ते’ हा हिंदी सिनेमा आला. त्यांची ‘श्यामा’ ही कथा १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकात छापली गेली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. कथा एका कवीच्या आयुष्यात आलेल्या तिघीजणींची. दंडाधिकाऱ्यांनी निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयानं दोषी ठरवलं, आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती शिक्षा रद्द केली. समाजाच्या कल्पना बदलत असतात, आणि लिखाण सबंध वाचून ठरवायला हवं, त्यातली चार वाक्यं उचलून नव्हे, हे त्या निकालातून पुढे आलं.

मी काय करते ते सांगते. पुस्तक देतानाच कल्पना देते: “यात सगळं सूचक आहे,” किंवा “यात शय्येचे प्रसंग आहेत, स्पष्ट आहेत.” सासूबाईही तेच पुस्तक वाचणार असतील तर ही माहिती फार उपयोगी पडते. न सांगता दिलं तर वाचणारी संकोचते आणि पुन्हा तुमच्याकडे मागायला येत नाही.

मुलगी चौदा-पंधरा वर्षांची आहे. तिला प्रेमकादंबऱ्या वाचू देऊ का?

ती वाचतेच आहे. तुमच्या समोर की दप्तरात लपवून, एवढंच तुमच्या हातात आहे.

मला काळजी शृंगाराची कमी वाटते, दांडगाईची जास्त वाटते. जुन्या मराठी कादंबऱ्यांत नायक थोबाडीत मारतो आणि नायिकेला त्याच क्षणी तो आवडू लागतो. नव्या इंग्रजी कादंबऱ्यांत तो तिचा फोन तपासतो, तिच्या मित्रांना धमकावतो, आणि याला उत्कट प्रेम म्हटलं जातं. असं पुस्तक मुलीच्या हातून काढून घेऊ नका. तुम्हीही ते वाचा. मग भाजी निवडताना सहज विचारा, “त्यानं असं केलं तेव्हा तिनं काय करायला हवं होतं गं?” माझ्या धाकट्या जावेनं हे केलं. तिच्या मुलीनं पाऊण तास उत्तर दिलं, आणि त्यात कादंबरीपेक्षा वर्गातल्या एका मुलाबद्दलच जास्त होतं.

मिल्स अँड बून वाचणं म्हणजे वेळ घालवणंच ना?

माझी मोठी बहीण मुंबईच्या नोकरीत इंग्रजी शिकली ती याच छोट्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांवर. फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवरून जुनी प्रत घ्यायची, लोकलमध्ये वाचायची, परत करून दुसरी घ्यायची. वाक्यं सोपी, प्रसंग ओळखीचे, न कळलेला शब्द पुढच्या ओळीवरून कळतो. मराठी माध्यमातून आलेल्या किती मुलींनी असं केलं असेल!

ही कंपनी १९०८ साली लंडनमध्ये जेरल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी काढली आणि सुरुवातीला ती सगळ्याच प्रकारची पुस्तकं छापत असे. पुढे रोमान्स हीच तिची ओळख झाली, १९७१ मध्ये ती कॅनडाच्या हार्लेक्विन या प्रकाशनसंस्थेत विलीन झाली. २००८ मध्ये तिनं भारतातही कार्यालय उघडलं. म्हणजे भारतात ही पुस्तकं रद्दीतून आणि फुटपाथवरून वाचली जात होती, त्यानंतर कितीतरी वर्षांनी कंपनी स्वतः आली.

त्यांतली बरीच एकसारखी असतात हे खरं आहे. पण ज्यांना “आधी भांडण, मग प्रेम” हा प्रकार आवडतो त्यांनी उगमापाशीही जाऊन यावं. जेन ऑस्टेनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ १८१३ सालची आहे. स्थळं बघणं, मुलींची लग्नं जमवायची आईची घाई, कोणाची मिळकत किती याची चर्चा, नात्यातल्या आगाऊ बाईचे टोमणे. मराठी वाचकाला त्यात काहीच परकं वाटत नाही. तिच्यानंतर त्याच काळातल्या इंग्लंडवर विसाव्या शतकात लिहिणारी जॉर्जेट हेयर वाचा. भाषा थोडी अवघड आहे, पण चुरचुरीत संवादांसाठी मी तिला सगळ्यांच्या वर ठेवते.

मोबाइलवरच्या कथामालिका वाचते. ते वाचन धरायचं का?

धरायचं. ‘प्रतिलिपी’सारख्या ठिकाणी मराठीत रोज नवे भाग येतात, आणि पूर्वी मासिकांतल्या ‘क्रमशः’साठी बायका पोस्टमनची वाट बघायच्या तीच ही ओढ आहे. तिथे लिहिणाऱ्या कितीजणी घरचं सगळं उरकून रात्री लिहितात. मनाविरुद्ध झालेलं लग्न आणि मग हळूहळू जुळणारं मन, हा तिथला लाडका विषय. एकच सांगेन: मालिका सुरू करण्याआधी ती पूर्ण झाली आहे का ते बघा. दीडशेव्या भागावर लेखिका थांबली तर होणारा त्रास खरा असतो.

वाचताना सगळे नायक-नायिका एकाच प्रकारच्या घरातले वाटतात. असं का?

कारण तसं आहे. आडनावं बघा, स्वयंपाकघरं बघा, सुट्टीत कुठे जातात ते बघा. शहरी, पांढरपेशा, बहुतेक वेळा एकाच दोन जातींमधलं प्रेम आपल्या प्रेमकादंबरीनं भरपूर लिहिलं. बाकीच्यांचं प्रेम गेलं ‘ग्रामीण’ आणि ‘दलित’ असं लिहिलेल्या कपाटांत, आणि तिथे ते प्रेमकथा म्हणून शोधायला कोणी जात नाही. अण्णा भाऊ साठ्यांची ‘फकिरा’ सगळे मागतात. पण ‘आवडी’, ‘अलगूज’, ‘वैजयंता’ यांची नावं किती जणांनी ऐकली आहेत? अण्णा भाऊंची माणसं प्रेमासाठी जीव टाकतात आणि त्यांच्या प्रेमाला शेताचा, घामाचा, ढोलकीचा वास असतो. आमच्याकडे मी त्या तिन्ही कादंबऱ्या उचलून फडक्यांच्या शेजारी ठेवल्या. समितीतल्या एका सदस्यांनी विषयवारी मोडल्याबद्दल विचारलं. मी विषय प्रेम हाच असल्याचं सांगितलं. पुस्तकं तिथेच आहेत.

पुरुषाचं पुरुषावरचं प्रेम वाचायचं असेल तर सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’, २००६ मध्ये आलेली. एका मराठी घरात पेइंग गेस्ट म्हणून राहायला आलेल्या तरुणावर त्या घरातले भाऊ आणि बहीण दोघंही प्रेम करतात. आधी भाऊ सांगतो, मग बहीण. ही कादंबरी मी समोरून सहसा सुचवत नाही, टेबलाजवळच्या मांडणीत दर्शनी ठेवते. ज्यांना हवी असते ते ती उचलतात आणि मी काही न बोलता शिक्का मारते. काही वेळा न बोलणं हीच सुचवण्याची रीत असते.

दुसऱ्याला कादंबरी सुचवायची तर कशी?

सगळ्यात आधी, आपलं आवडतं पुस्तक बाजूला ठेवून. ‘शितू’च्या वेळी माझं हेच चुकलं. मला त्या बाईंना काय हवं आहे ते कळून घ्यायचं नव्हतं, मला माझी ‘शितू’ कोणालातरी द्यायची होती.

मी आधी विचारते, शेवटचं कोणतं पुस्तक रात्री जागून संपवलं? नाव आठवलं नाही तरी चालतं, “ती डॉक्टर असते आणि तो तिच्या भावाचा मित्र” एवढ्यावरही पुष्कळ कळतं. मग विचारते, वाचता कधी? एसटीत वाचणाऱ्याला छोटी प्रकरणं लागतात. दुपारच्या निवांत तासाला फडके चालतात. दवाखान्यात रुग्णाजवळ बसून वाचणारीला सरळ गोष्ट द्यावी, तीन काळांत मागेपुढे उड्या मारणारी नको. आणि तिसरं, काय अजिबात नको? या प्रश्नाला येणारी उत्तरं फार मोलाची असतात. “दारू पिणारा नवरा नको.” “मूल न होण्याचं दुःख नको.” यापुढे कारण विचारायचं नाही.

देताना दोनच पुस्तकं दाखवावीत. पाच दाखवली तर माणूस गोंधळतो, एकच दाखवलं तर भीड पडते. आणि गोष्ट सांगत बसण्यापेक्षा चव सांगावी: “सुरुवातीची तीस पानं संथ आहेत, मग सोडवत नाही,” किंवा “यात भांडणं झकास आहेत.” मोठी विशेषणं वापरू नयेत. अप्रतिम म्हटलं की वाचणारी परीक्षकाच्या खुर्चीत बसते.

पुरुष वाचतात का हो हे?

वाचतात. कित्येक जण बायकोच्या कार्डावर नेतात आणि पुस्तक परत करताना नायकाबद्दल तावातावानं बोलतात. निवृत्त शिक्षकांना ज्योत्स्ना देवधर आवडतात असा माझा अनुभव आहे. त्यांना आडून आडून काही देऊ नका, सरळ “ही प्रेमाची आहे” म्हणून द्या.

जुन्या कादंबऱ्या आता कुठे मिळतात?

नव्या आवृत्त्या थोड्यांच्याच निघतात, त्यामुळे जुनी वाचनालयं हाच आधार. रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, पणजीचं कृष्णदास शामा केंद्रीय ग्रंथालय १८३२ चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आणि मुंबईचं १८९८ चं. पण लहान गावांतली वाचनालयंही सोडू नका, तिथे शकुंतला गोगट्यांचा अख्खा खण मिळू शकतो. पुस्तकाचं नाव माहीत नसेल तर लेखिकेच्या नावानं दाखल रजिस्टर बघायची विनंती करा, कपाटावर भरवसा ठेवू नका. आणि आजीचं घर रिकामं करत असाल तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी एखाद्या वाचनालयाला फोन करा. कव्हर नसलेली प्रतसुद्धा आम्ही बाइंडिंग करून घेतो.

आवडलं नाही तर अर्धवट सोडू का?

सोडा. प्रेमकादंबरी नेट लावून वाचायची गोष्ट नाही. मात्र दहा वर्षांनी एकदा परत उघडून बघा.

सुचवलेलं पुस्तक चुकलं तर काय करायचं?

मान्य करायचं, आणि विचारायचं. मी त्या बाईंना विचारलं नाही, तेवढं धाडस झालं नाही. त्या पुन्हा आल्या तेव्हा पावसाळा सुरू झाला होता. मीच म्हटलं, “त्या वेळी मी चुकीचं पुस्तक दिलं तुम्हाला.” त्या म्हणाल्या, “पुस्तक चुकीचं नव्हतं गं, दिवस चुकीचे होते. आता दे ती परत. शेवटची वीस पानं राहिलीत माझी.”

मी ‘शितू’ काढून आणली. पुस्तकात शेवटाच्या वीस पानं आधी एक बसचं तिकीट खुणेला ठेवलेलं तसंच होतं. मधल्या काळात ती प्रत कोणी नेलीच नव्हती.